केळुसकर बाईंचं गाऱ्हाणं

बांद्याच्या बाजूला एका गावात शाळांची कबड्डी स्पर्धा होती. व्यासपीठावर पाहुणे बसले होते, ताटात हार तयार होते, निवेदकाचा आवाज चढला होता, आणि आमच्या केळुसकर बाईंनी मैदानाच्या कडेला चपला काढल्या. पदर खोचला आणि अनवाणी आत शिरून त्या चुन्याच्या रेषेच्या कडेकडेने सावकाश चालायला लागल्या. मधेच थांबायच्या, वाकायच्या, पुन्हा चालायच्या. निवेदकाने संधी साधली. ‘क्रीडाभूमीला वाकून वंदन करणाऱ्या या शिक्षिकेचा आदर्श विद्यार्थ्यांनी घ्यावा,’ असं त्याने माइकवरून सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. बाईंनी तिकडे लक्षही दिलं नाही. सगळं मैदान पायाखाली घालून झाल्यावर त्या मूठ आवळून व्यासपीठापाशी आल्या आणि अध्यक्षांच्या पुढ्यात, हारांच्या ताटात, त्यांनी मूठ उघडली. आतून खडे पडले, आणि एक काचेचा तुकडा.

‘ह्या तुमच्या मैदानार गावला,’ बाई म्हणाल्या. ‘पोरां गुडघ्यार पडतत. मैदान साफ होयसर आमचो संघ उतरूचो नाय.’

स्पर्धा चांगलीच उशिरा सुरू झाली. संयोजक, पंच, दोन्ही संघांची मुलं, सगळी ओणवी होऊन खडे वेचत होती. प्रमुख पाहुण्यांनीसुद्धा दोन वेचले, फोटोपुरते का होईना. मी तेव्हा शाळेत नवा होतो. माझा विषय इतिहास, आणि मैदानाशी माझा संबंध म्हणजे उन्हाचं तिकडे जायचं नाही इतकाच. पण मुलांच्या संघाबरोबर एक पुरुष शिक्षक हवा म्हणून मुख्याध्यापकांनी मला जुंपलं होतं. पाण्याच्या बाटल्यांची पिशवी धरून मी एका माडाखाली असा उभा राहिलो की या बाई कोण, कुठल्या, आपल्याला काही माहीत नाही. त्यांनी लांबूनच हाक मारली, ‘पेडणेकर सर, तुमी काय पावणे आसात? वाका वायच!’ वाकलो.

पुढे किती मैदानांवर वाकलो त्याचा हिशेब नाही.

आमचं हायस्कूल मालवणच्या पुढे, किनाऱ्यालगत. बाई तिथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिटी. ती शिटी त्या फारशी वाजवत नसत, कारण त्यांचा आवाज तिच्यापेक्षा लांब जायचा. मैदानावर ‘मेल्या’ म्हणाल्या की समुद्राच्या बाजूला जाळी सुकवणारे लोकसुद्धा मान वळवून बघायचे. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्या अगदी मऊ. मुख्याध्यापक समोर आले की शुद्ध मराठीत ‘होय सर, करून घेते सर’ म्हणायच्या, आणि त्यांची पाठ वळली की डब्यातला तळलेला बांगडा माझ्या डब्याच्या झाकणात टाकून म्हणायच्या, ‘खावा. मगे बगूया काय करूचा ता.’

मधल्या सुट्टीत त्या डबा लवकर आटपून जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. आमचा जिना चिऱ्याचा, पायऱ्या उंच. मुलं खाली लोटायची आणि बाई त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत राहायच्या. नव्या शिक्षिकांना वाटायचं की त्या मुलींचे बूट-मोजे तपासतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘चडताना सगळी पोरां शूर. उतरताना कळता कोणाचा काय दुखता ता.’ कोण कठडा धरतो, कोण एकच पाय पुढे टाकतो, कोण तिरका उतरतो, एवढं बघायचं. ज्याच्याबद्दल शंका आली त्याला त्या संध्याकाळी गुपचूप बाजूला घ्यायच्या. सगळ्यांसमोर कधीच नाही. माझ्याबाबतीत मात्र हा नियम पाळला गेला नाही. भर जिन्यात त्या ओरडल्या, ‘सर, तुमची टाच दुखता! ते चामड्याचे वहाण बदला आदी!’ दुखत होती हे खरं. चपला बदलल्या, टाच दुखायची थांबली, आणि आठवीची मुलं पुढे वर्षभर मला वाटेत अडवून टाचेची चौकशी करत होती.

बाईंचा खरा त्रासाचा काळ गणपती पोचवले की सुरू व्हायचा. आधी शाळांच्या तालुका स्पर्धा, मग जिल्हा. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं, सगळं एकात एक घुसलेलं. आमची शाळा लहान, त्यामुळे जो धावतो तोच उडी मारतो, तोच कबड्डी खेळतो आणि स्नेहसंमेलनात नाचतोही तोच. एवढ्यात जत्रा सुरू होतात. जत्रा आली की गावोगावच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा आल्या, दिव्यांच्या झोतात, बक्षिसांसकट. आता आपल्या वाडीच्या संघाला नाही कसं म्हणायचं? वाडीला हो म्हटलं की आजोळहून मामाचा फोन येतो, ‘भाच्या, आमचो एक गडी कमी पडता.’ मामाला नाही म्हणणारा भाचा आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. मुलगा शुक्रवारी शाळेकडून खेळायचा, शनिवारी वाडीकडून, रविवारी मामाकडून, आणि सोमवारी लंगडत येऊन सांगायचा, ‘बावीर पाय सरकलो, बाई.’ एकेका हंगामात आमच्या गावातल्या विहिरींच्या काठांवर इतके पाय सरकायचे की परक्या माणसाने इथे पाणी भरायला यायची हिंमत केली नसती.

दुसऱ्या कोणी सरळ फतवा काढला असता की बाहेर खेळायचं नाही. बाईंना ते जमणारं नव्हतं, कारण खेळ बघायचा नाद त्यांना स्वतःलाच जबर. जत्रेतल्या स्पर्धेला त्या पुढच्या रांगेत असायच्या आणि पंचांशी भांडायच्या. मग त्यांनी दुसरं धरलं. त्या घरोघर जाऊन कोण कधी कुठे खेळणार आहे ते विचारायला लागल्या आणि आपला सराव त्याप्रमाणे कमी करायला लागल्या. मंगेश नावाचा एक चांगला पकड करणारा मुलगा होता, रापणकरांच्या घरातला. किनाऱ्यावरून अख्खी वाडी मिळून जे लांबलचक जाळं ओढते, त्या रापणीच्या दोराला तो पहाटे असायचा. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा त्याचा बापूस आधीच तयारीत बसला होता. ‘बाईनू, तेना दोर ओढल्यान नाय तर भागाचे मासे कोण देतलो आमका?’

‘ओढूंदे की,’ बाई म्हणाल्या. ‘मी नको म्हणूक येवक नाय. ज्या दिवशी रापण आसात, त्या दिवशी माका फोन करा. त्या दिवशी तेका माजो सराव नाय. येका पाठीन दोन दोन कामां कशी करतलो तो?’

बापूस खूश. मंगेश त्याहून खूश. ही बातमी पसरल्यावर आठवडाभरात आमच्या शाळेतली निम्मी मुलं रापण ओढायला लागली. टपालकाकांचा मुलगा, ज्याला समुद्राचं पाणी घोट्यापर्यंत आलं तरी धडकी भरायची, तोही सांगू लागला की पहाटेपासून दोरावर होतो, आज सराव नको. बाईंनी सगळ्यांना रांगेत हात पुढे करायला लावले. मंगेशच्या तळव्यांना दोराचे वळ होते. बाकीच्यांनी सरावाबरोबर मैदानातले खडेही वेचले.

पण या सगळ्याहून मोठी अडचण म्हणजे मुलं बोलायची नाहीत. बाई रोज सकाळी विचारायच्या, ‘कोणाक काय दुखता?’ आणि सगळे एका सुरात, ‘नाय, बाई!’ दुखतं म्हटलं की संघातून जागा गेली, हे त्यांना पाठ होतं. बाईंनी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. उत्तर तेच.

मग दिगूने ते गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. जत्रा असो, होडी पाण्यात घालायची असो, दुकान उघडायचं असो, एक जाणता माणूस नारळ हातात धरून उभा राहतो, गावच्या देवाला मोठ्याने हाक मारून काय हवं-नको ते सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून पाठिंबा देतात. एका सकाळी बाईंना यायला उशीर झाला. नववीतल्या दिगूने नारळाऐवजी चेंडू हातात धरला आणि आवाज जाड केला. ‘बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या म्हाराजा! ही केळुसकर बाई आमका धावडवन धावडवन मारता. तर आज तिचो घसो बसवन टाक, शिटी हरवन टाक, आणि ह्यो सराव रद्द कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळं मैदान ओरडलं, आणि एकदम गप्प झालं. बाई मागे उभ्या होत्या. मी त्यांच्याबरोबर होतो. आता या पोराचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

‘थांबलंस कित्याक?’ बाई म्हणाल्या. ‘गाऱ्हाणा अर्धा सोडू नये. तुजा सवताचा काय दुखता ता घाल त्यात.’

दिगूने इकडे तिकडे पाहिलं. चेंडू छातीशी धरला. ‘बा देवा म्हाराजा... माज्या डाव्या पायाची नळी दुखता. धावलंय की दुखता. गणपतीपासून दुखता. ती बरी कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ मुलं म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

‘गणपतीपासून?’ बाईंचा आवाज चढला. ‘आणि मी रोज विचारतंय तेवा?’

‘तुमका सांगला तर तुमी बाहेर काडतास,’ दिगू म्हणाला. ‘देव बाहेर काडीत नाय.’

बाईंनी त्याच्या हातातला चेंडू घेतला. मग त्यांनी तिथेच सगळ्यांना शब्द दिला. गाऱ्हाण्यात जो आपलं दुखणं सांगेल, त्याची संघातली जागा दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. बरा होईपर्यंत ती रिकामी ठेवू, एक गडी कमी घेऊन खेळू, हरलो तर हरू. आणि खरंच त्या वर्षी एका स्पर्धेत आमची मुलं सहाजणांनी खेळून हरली, पण बाईंनी शब्द मोडला नाही. त्या दिवसापासून रोज सराव गाऱ्हाण्याने सुरू व्हायचा. गोल करून उभं राहायचं, चेंडू हातोहात फिरवायचा, ज्याच्या हाती येईल त्याने देवाला सांगायचं. कोणाची टाच, कोणाचा खांदा, कोणाला झोप पुरत नाही, कोणाला कालच्या सामन्याची भीती बसलेली. ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्यावर बाई प्रत्येकाला त्या दिवसापुरतं काम वाटून द्यायच्या. ज्याचा पाय दुखतो त्याला धावणं बंद, हातांचा व्यायाम चालू. ज्याची झोप झाली नाही त्याला सरळ घरी. गंभीर दिसलं तर मालवणच्या डॉक्टरांकडे, स्वतःच्या स्कूटीवर बसवून.

गावात याचा बोभाटा झाला. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेले तात्या गावकार काठी आपटत शाळेत आले. देवाच्या गाऱ्हाण्याची ही चेष्टा चालायची नाही म्हणाले. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. ‘बाई, हा भावनेचा प्रश्न आहे,’ ते म्हणाले. ‘होय सर,’ बाई म्हणाल्या, ‘त्यांना उद्या सकाळी मैदानावर खुर्ची देऊ.’

दुसऱ्या दिवशी तात्या खुर्चीवर ताठ बसून सगळं ऐकत होते. दोन मुलांची गाऱ्हाणी झाल्यावर त्यांना राहवेना. ‘असा नाय घालूचा रे! आदी जाग्याचा नाव सांगूचा, मगे वाडीचा, मगे तुजा. पत्तो सांगूक नाय तर देव येतलो खंय?’ मुलांनी ते दुरुस्त करून घेतलं. मग चेंडू तात्यांच्याच नातवाच्या हातात आला. पत्ता नीट सांगून झाल्यावर तो म्हणाला, ‘माजो उजवो खांदो निखळल्यासारखो वाटता म्हाराजा. रात्री त्या कुशीर झोपाक जमणा नाय.’ तात्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ‘मेल्या, घराक कित्याक सांगूक नाय?’

‘तुमी विचारूक नाय,’ नातू म्हणाला.

त्यानंतर तात्यांची तक्रार संपली. अधूनमधून ते स्वतःहून येऊन बसत आणि उच्चार सुधारत.

सानिकाची गोष्ट याच्या दोन-तीन हंगामांनंतरची. ती नववीत होती, उंच, सडसडीत, आमच्या मुलींच्या संघाची चढाई करणारी. तिच्या अंगात वारं होतं असं म्हणतात ना, तसं. तिचे वडील गुरुनाथ मालवाहू बोटीवर कामाला. वर्षातून एकदा घरी यायचे आणि ते नेमके पावसाळ्यात, जेव्हा मैदानात गुडघाभर चिखल. मुलीला खेळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी त्यांची रजा पहिल्यांदाच जत्रेच्या वेळी पडली. आणि त्याच वर्षी जत्रेत पहिल्यांदाच मुलींचे सामने होणार होते. ते बाईंमुळे. मंडळाच्या मागे लागून लागून त्यांनी वर्षानुवर्षं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे मंडळ कबूल झालं. एसटी थांब्यावर मोठा बॅनर लागला, त्यावर सानिकाचा कमरेवर हात ठेवलेला फोटो.

त्या दिवसांत गोलात चेंडू सानिकाकडे आला की ती म्हणायची, ‘माजा सगळा बरा आसा म्हाराजा.’ सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आणि चेंडू पुढे जाई. एक दिवस बाई मला सानिकाबद्दल म्हणाल्या, ‘सर, ता चेडू हल्ली जिन्यार दिसणा नाय.’ मी म्हटलं, मागच्या जिन्याने जात असेल. ‘मागच्या जिन्यान कोण जाता?’ बाई म्हणाल्या. ‘थंय प्रयोगशाळेचो वास येता. मी दिसू नये म्हणान जाता ती.’ प्रार्थनेच्या वेळी सगळी मुलं मांडी घालून बसली तेव्हा त्यांनी मला नुसतं डोळ्यांनी दाखवलं. सानिका एक पाय लांब करून बसली होती.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली बोट ठेवताच ती कळवळली. वाढीच्या वयात तिथलं हाड अजून कच्चं असतं, ते म्हणाले, आणि उड्या मारून, धावून मांडीचा स्नायू ते रोज ओढतोय. आता थांबली तर काही आठवड्यांत पहिल्यासारखी खेळेल. ओढत राहिली तर दुखणं लांबेल, क्वचित हाडाचा तुकडा सुटूनही येतो. येताना सानिका स्कूटीवर बाईंच्या मागे होती. घर आल्यावर उतरली आणि म्हणाली, ‘बाई, तुमी माका कित्याक बगलास?’ आणि आत निघून गेली. हे बाईंनी मला सांगितलं. ‘देवाक खोटा सांगल्यान ओ तिना, बापाशीसाठी. मी तिच्या जागी आसतंय तर मीय सांगलंय असतंय.’

मंडळाचा अध्यक्ष शाळेत आला. बॅनर छापून लागलाय, गावाची लाज जाईल, तुम्हीच सामने मागितलेत आणि आता तुम्हीच मुलगी काढताय, असं त्याचं म्हणणं. बाई म्हणाल्या, ‘बॅनरार तिचो चेहरो आसा, तेका काय झाला नाय. तो रवांदे थंय. दुखता ता गुडघ्याक.’

अध्यक्षाला उडवून लावणं सोपं होतं. गुरुनाथ आले ते अवघड गेलं. मी त्या दिवशी कोकमाची सोलं न्यायला बाईंकडे गेलो होतो आणि पडवीत बसलो होतो. माणूस भला, बोलताना खाली बघणारा. ‘बाईनू,’ तो म्हणाला, ‘मी तिका खेळताना कधी बगूक नाय. घरची मोबायलार दाखवतत, तर रेंज जाता. ती रेषेपर्यंत जाता आणि थंयच थांबता. फुडे काय झाला ता माका दुसऱ्या दिवशी कळता. येकच म्याच खेळूंदे. मगे मी जातलंय. परत येयसर तिची दहावी येयत, मगे खेळता की नाय कोणाक ठावक.’

‘डॉक्टरांनी तुमकाय सांगल्यानी मा?’

‘सांगल्यानी. पण ती म्हणता, मी खेळतंय.’

‘ती म्हणतलीच,’ बाई म्हणाल्या. ‘पोर बापाशीसाठी काय पण म्हणता. म्हणान ह्या तिका विचारूचा नाय, आपण ठरवूचा.’

गुरुनाथ थोडा वेळ उगाच टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘तुमचा काय जाता, बाई?’ ‘चाय घेवा,’ बाई एवढंच म्हणाल्या. ते चहा न घेता उठले. अंगणातून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बाई दारात उभ्या होत्या, आणि मग पदराने डोळे पुसायला लागल्या. मी सोलांची पिशवी घेऊन बसून राहिलो. त्यांनीच शेवटी म्हटलं, ‘तो सामनो बगूक माका त्याच्यापेक्षा जास्त होयो होतो, सर.’

जत्रेच्या संध्याकाळी आमच्या मुली पहिला सामना जिंकल्या आणि दुसरा थोडक्यात हरल्या. सहाजणी खेळत होत्या, सानिकाची जागा रिकामी. गुरुनाथ गर्दीत उभे होते, शेजारी सानिका. बापलेक दुसऱ्यांच्या मुलींचा खेळ बघत होते. मागून कोणी तरी मोठ्याने बोललं की शाळेच्या बाईने गावाचा घात केला. बाई पुढच्या रांगेत होत्या, त्यांना ते ऐकू गेलं. त्या दिवशी त्या पंचांशी एकदाही भांडल्या नाहीत.

मग काही दिवसांनी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘सर, उद्या उजाडताना मैदानार येवा. रेषेर उबो रवाक माणूस होयो.’ मी कारण विचारलं तर फोन बंद.

गेलो. उजेड नुकता फुटत होता. आमच्या संघाच्या मुली दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, पलीकडचा संघ भरायला आठवीच्या मुली धरून आणलेल्या. आणि अलीकडच्या बाजूला, गणवेशात, सानिका. बाई आदल्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. चालायला हरकत नाही, ते म्हणाले होते. धावायचं नाही, उडी नाही, खाली बसायचं नाही. तेवढंच घेऊन बाई आल्या होत्या. ‘आयका गो सगळी,’ त्या म्हणाल्या, ‘आज कबड्डी चालत. दोनय बाजूंनी चालत. जी धावली ती आऊट.’

शाळेच्या फाटकापाशी गाडी थांबली. गुरुनाथ गोव्याच्या विमानतळावर निघाले होते. त्यांना घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं की सानिका लवकर शाळेत गेली आहे, जाताना तिला भेटून जा. ते पाठीला बॅग लावून आत आले आणि मैदानाच्या कडेला थबकले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शिटी वाजवली.

सानिकाने मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत आत शिरली. चालत. समोरच्या साती जणी चालत मागे सरल्या, चालत वळल्या, साखळी धरून चालत पुढे आल्या. सुरुवातीला मला हसू येत होतं. मुली मात्र अजिबात हसत नव्हत्या. सानिका डावीकडे झुकली, हात लांब केला आणि टोकाच्या मुलीला शिवली. दम चालू होता. ती सावकाश वळली, उजवीकडचीला हुलकावणी दिली, आणि तेवढ्यात कडेवरून आवाज आला, ‘मागे बग गो, मागे बग! कोपऱ्यातली येता!’ गुरुनाथ रेषेपर्यंत आले होते आणि दोन्ही हातांनी दाखवत होते. कोपऱ्यातली खरंच येत होती, लांब लांब ढांगा टाकत, चालतच. सानिकाने वळून तिलाही हात लावला. आता मध्यरेषा चार पावलांवर होती. पाठीमागून साखळी येत होती, बाप ओरडत होता, आणि पोरीला राहवलं नाही. शेवटची दोन पावलं ती धावली.

बाईंची शिटी वाजली. ‘आऊट!’

‘आऊट कशी?’ गुरुनाथ बॅगेसकट मैदानात शिरले. ‘रेषा पार केल्यान तिना! दोघींका मारून इली!’

‘धावली,’ बाई म्हणाल्या.

‘ओ बाईनू, तेका काय धावणा म्हणतत? दोन पावलां!’

‘पंच कोण, मी की तुमी?’

त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. ‘सर, तुमी रेषेर होतास. तुमी सांगा!’ मी बाईंकडे पाहिलं आणि आऊट म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी आम्हा दोघांचीही अक्कल काढली, मग मुलीला जवळ घेतलं, आणि पुन्हा बाईंशी भांडायला लागले. फाटकातून ड्रायव्हर हॉर्न मारत होता. सानिका ओढत ओढत त्यांना गाडीपर्यंत घेऊन गेली. गाडी सुटली तरी ते खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होते, ‘आऊट नव्हती ती! आऊट नव्हती!’ तिकडे तोंड करून बाई एक हात वर धरून उभ्या होत्या, पंच निकाल देताना धरतात तसा, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

मग त्या सानिकाकडे वळल्या. ‘बस थंय दगडार,’ म्हणाल्या, ‘आणि गुडघो बगूंदे माका.’